आयटीआयमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्याने स्वतःला काय समजावं?

एका शिक्षकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एमए इंग्रजी, बीएड, सेट (महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. तीन वर्षांपासून एका आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर एम्प्लॉयबिलिटी स्किल्स (नोकरीसाठी लागणारी कौशल्यं) हा विषय शिकवतो. फिटर आणि इलेक्ट्रिशियनचे निदेशक म्हणतात, "सर, तुमच्या तासाला पोरं जरा सोडा, जॉब पुरा करायचाय." (जॉब म्हणजे कार्यशाळेत सरावासाठी करायला दिलेली वस्तू.) कार्यालयातून इंग्रजी पत्रं लिहून द्यायला येतात. प्रशिक्षणार्थी विचारतात, "याचा पेपरला काय उपयोग?" आणि प्रश्नाचं शेवटचं वाक्य: "मी इंग्रजीचा शिक्षक आहे, सॉफ्ट स्किल्सचा ट्रेनर आहे की रिकामा तास भरणारा माणूस, हेच कळेनासं झालंय. वरिष्ठ महाविद्यालयाची वाट धरावी का?"

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला पदाचा: संस्थेच्या कागदावर तुम्ही कोण. दुसरा कामाचा: त्या इमारतीत असं कोणतं काम आहे जे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमणार नाही. पहिल्याचं उत्तर तुमच्या हातात फारसं नाही. दुसऱ्याचं बरंचसं आहे. तीन वर्षं तुम्ही दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात शोधताय, म्हणून थकवा आलाय असं मला वाटतं.

पदाची गोष्ट आधी संपवते. आयटीआयमध्ये "इंग्रजीचा शिक्षक" असं पद मुळात नाही. आयटीआय चालतात ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. तिच्यात पूर्वी सोशल स्टडीज हा विषय होता, त्याच्या जागी एम्प्लॉयबिलिटी स्किल्स आला. या विषयाच्या निदेशकाची पात्रता वाचून बघा: एमबीए, बीबीए, कोणताही पदवीधर किंवा पदविकाधारक, दोन वर्षांचा अनुभव, विषयाचं अल्प मुदतीचं प्रशिक्षण, आणि बारावी किंवा पदविकेच्या पातळीवर इंग्रजी किंवा संवादकौशल्य आणि संगणकाची ओळख शिकलेली असावी. पूर्वीच्या सोशल स्टडीजच्या निदेशकांनाही हे प्रशिक्षण घेऊन हा विषय शिकवता येतो. म्हणजे तुमचं एमए नियमाने मागितलेलंच नाही. अभ्यासक्रमात इंग्रजीच्या शेजारी संविधानिक मूल्यं, डिजिटल कौशल्यं, आर्थिक साक्षरता, उद्योजकता, ग्राहकसेवा, ॲप्रेंटिसशिपची तयारी अशी मोठी पंगत आहे. याच विषयाच्या ६० तासांच्या आराखड्यात बेसिक इंग्लिशला १० तास दिलेत. परीक्षेत ट्रेडचं (फिटर, इलेक्ट्रिशियन अशा व्यवसायाचं) प्रॅक्टिकल २५० गुणांचं, तर तुमचा पेपर ५० गुणांचा आणि तोही बहुपर्यायी. या रचनेत शिरलेल्या कोणालाही "मी नक्की कोण" हा प्रश्न पडणारच. तो तुमचा कमकुवतपणा समजू नका.

तंत्रनिकेतनात गोष्ट थोडी वेगळी. तिथे इंग्रजीचा अधिव्याख्याता या नावाने पद असतं. पण इंग्रजी पहिल्या वर्षात संपतं, मुलं आपापल्या शाखेत जातात आणि तुम्ही विज्ञान व मानव्यविद्या विभागात दरवर्षी नव्या मुलांसमोर पहिलं पान उघडता. अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला इंग्रजी असतं ते बोर्डाच्या पेपरसाठी. तिथे ओळख बोर्डाने ठरवलेली, म्हणून गोंधळ कमी आणि मोकळीकही कमी. पुढचं मी आयटीआय धरून लिहिते आहे. तंत्रनिकेतनातल्या वाचकांनी "शॉप"च्या (कार्यशाळेच्या) जागी "लॅब" वाचावं.

आता कामाकडे येऊ.

समजा, शॉपमध्ये जॉब शीटवर (जॉबच्या सूचनांच्या कागदावर) एक ओळ आहे: "रिड्यूस द डायमीटर बाय ५ एमएम." दुसरीवर आहे: "रिड्यूस द डायमीटर टु ५ एमएम." पहिलीत व्यास ५ मिमीने कमी करायचाय, दुसरीत ५ मिमीपर्यंत. मराठीत हा फरक "ने" आणि "पर्यंत" यांच्यात आहे आणि कोणी चुकत नाही. इंग्रजीत तो दोन अक्षरांच्या एका शब्दात दडलाय. प्रशिक्षणार्थी "रिड्यूस", "डायमीटर", "५ एमएम" वाचतो, मधला शब्द सोडून देतो आणि २५ मिमीचा रॉड थेट ५ मिमीवर आणतो किंवा २० वर थांबतो. जॉब वाया. शिल्पनिदेशक म्हणेल "लक्ष नाही". खरं तर त्या मुलाला शब्दयोगी अव्यय कुठे बघायचं हे माहीत नाही. ही चूक भाषेची आहे हे ओळखणारा त्या इमारतीत तुमच्याखेरीज कोण आहे?

दुसरं वाक्य घ्या: "रिमूव्ह द कव्हर आफ्टर स्विचिंग ऑफ द सप्लाय." मराठी माणूस हे बोलताना आधी अट सांगतो, मग क्रिया: "पुरवठा बंद केल्यावर झाकण काढा." कामाचा क्रम आणि वाक्याचा क्रम आपल्याकडे एकच असतो. इंग्रजीत झाकण आधी येतं, पुरवठा नंतर. अडखळत वाचणारा मुलगा शब्द येतील त्या क्रमाने हात चालवतो. इथे चूक झाली तर नुकसान जॉबचं नाही, हाताचं होतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: "डू नॉट ओपन द व्हॉल्व्ह अनलेस द प्रेशर इज झीरो." ओळखीचे शब्द उचलून वाचणाऱ्याला यातून कळतं: उघडू नका, दाब, शून्य. म्हणजे दाब शून्य असताना उघडू नका! सूचनेच्या नेमकं उलट. "अनलेस" म्हणजे आपलं "असल्याशिवाय", हे एकदा सांगून भागत नाही. पंचवीस-तीस वाक्यं, दर वेळी "मग केव्हा उघडायचा?" असं विचारून, तोंडी उत्तर घ्यावं लागतं.

चौथं: शाळेत "शॅल" शिकवतात ते "आय शॅल, वुई शॅल" असं भविष्यकाळाचं. मानकांच्या दस्तऐवजांत "शॅल" म्हणजे बंधनकारक, "शुड" म्हणजे शिफारस, "मे" म्हणजे परवानगी. "द गार्ड शॅल बी फिटेड" याचा अर्थ गार्ड पुढे कधीतरी बसेल असा घेणारा मुलगा शाळेने शिकवलेलंच वाचतोय.

आणि शब्दांची जुनी कटकट. "फाइल" म्हणजे कानस. "टॅप" म्हणजे आटे पाडायचं हत्यार, नळ नव्हे. "डाय" म्हणजे मरणं नव्हे. "प्ले" म्हणजे दोन भागांमधली ढिलाई, "की" म्हणजे शाफ्ट आणि पुली अडकवणारी खिट्टी, "डेड सेंटर" म्हणजे न फिरणारं सेंटर, "ट्रू" म्हणजे वाकडं न फिरणारं. हे शब्द मुलांना तोंडी येतात, कारण शॉपमध्ये दिवसभर कानावर पडतात. छापलेल्या वाक्यात भेटले की मात्र शाळेतला अर्थ आडवा येतो. "द प्लेट हॅज अ टॅप्ड होल" वाचून नळ शोधणारा मुलगा मूर्ख नसतो.

हे सगळं मोडतं कुठे? इंग्रजीच्या व्याकरणात. कळतं कुठे? शॉपमध्ये. या दोन्ही टोकांना एकाच वेळी धरणं हे तुमचं काम. ही तुमची ओळख, आणि ती पदनामावर अवलंबून नाही.

या कामाला जगात मान आहे, हेही सांगायला हवं. विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी सोप्या तांत्रिक इंग्रजीचे नियम १९८० च्या दशकात तयार झाले. कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५, एकापुढे एक तीनपेक्षा जास्त नामं नकोत, अट असेल तर ती आधी लिहा. कारण उघड होतं: पुस्तिका वाचणाऱ्या असंख्य तंत्रज्ञांची मातृभाषा इंग्रजी नाही. जहाजांवरच्या संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरावीक वाक्यांचा संच स्वीकारला. आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना सहा पातळ्यांच्या भाषाकसोटीत किमान चौथी गाठावी लागते. त्या क्षेत्रांत इंग्रजी हा सुरक्षिततेचा भाग आहे आणि ते शिकवणाऱ्याला कोणी "तास भरणारा" म्हणत नाही. लेथवर किंवा पॅनेलबोर्डवर चुकीचं वाचलेलं वाक्य काही कमी धोक्याचं नसतं. फक्त तिथे भाषेकडे कोणी बोट दाखवलेलं नाही.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, "एमए वाया गेल्यासारखं वाटतं." कवितेच्या एका ओळीचे दोन अर्थ निघतात तेव्हा कोणत्या शब्दामुळे निघतात, हे शोधायची सवय तुम्हाला त्या पदवीने लावली आहे. "चेक व्हॉल्व्ह" हे नाम (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा व्हॉल्व्ह) आहे की "चेक" ही आज्ञा आहे, हे पॅनेलवरच्या ओळीत पकडायला तीच सवय लागते. शिल्पनिदेशकाकडे ती नसते, कारण त्याला ते वाक्य आधीच कळलेलं असतं. ज्याला कळतं त्याला ते न कळण्याची जागा दिसत नाही.

आता सावधगिरी. हे पटलं की उत्साही शिक्षक एक चूक हमखास करतो: तो अर्धा फिटर होऊ बघतो. वेल्डिंग रॉडच्या पाकिटावर "ई६०१३" लिहिलेलं असतं. त्यातले आकडे ताकद, वेल्डिंगची स्थिती आणि लेपाबद्दल काय सांगतात, ते वेल्डरच्या निदेशकाने सांगायचं. त्याच पाकिटावर साठवणुकीची आणि वापरापूर्वी सुकवण्याची सूचना असते, ती वाचायला शिकवणं तुमचं. तांत्रिक गोष्ट वर्गात एकदा जरी चुकीची सांगितलीत, तर दुपारपर्यंत ती अख्ख्या शॉपमध्ये फिरते आणि पुढचे सहा महिने कोणी तुमचं ऐकत नाही. "हे निदेशकांना विचारा आणि उद्या मला इंग्रजीत सांगा" हे वाक्य तोंडात बसवून घ्या. त्याने तुमची पत घटत नाही. मुलालाही कळतं की कोणत्या गोष्टीसाठी कोणाकडे जायचं.

सुरुवात कशी करायची ते सांगते. एकच ट्रेड निवडा. सगळे ट्रेड एकदम घेतले की कागदांचा ढीग होतो आणि हाती काही लागत नाही. ज्या निदेशकाशी चहापुरती तरी ओळख आहे त्याचा ट्रेड घ्या. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा तासभर शॉपमध्ये जाऊन बसा. बूट घालून जा, फिरत्या मशीनपासून अंतर ठेवा, ओढणी किंवा सैल बाह्या नकोत. प्रश्न कमी विचारा. इंग्रजीत लिहिलेलं जे जे दिसेल त्याचे परवानगी घेऊन फोटो काढा: मशीनच्या नेमप्लेट, धोक्याच्या पाट्या, जॉब शीट, हत्यारं देण्या-घेण्याचं रजिस्टर, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनच्या पडद्यावरचे अलार्म, ऑइलच्या डब्यावरची सूचना, रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक (याचे १६ ठरलेले विभाग असतात, मुलांना पहिल्यांदा लागणारे दोन म्हणजे धोक्याची ओळख आणि प्रथमोपचार), आणि मशीनबरोबर आलेली पुस्तिका, जी बहुतेक ठिकाणी कपाटात कुलूपबंद असते.

सहा आठवड्यांत चाळीस-पन्नास कागद होतात. त्यांची वाटणी कोण लिहितो किंवा वाचतो त्यावरून करा. काही कागद मुलाने फक्त वाचायचेत (पाटी, पुस्तिका). काही भरायचेत (रजिस्टर, मागणीपत्र, हजेरी). आणि थोडे त्याने स्वतः लिहायचेत (बिघाडाची नोंद, दिवसाचा अहवाल). शाळेचं इंग्रजी निबंध आणि पत्रावर थांबतं. कामाच्या जागी लिहिणं सर्वांत कमी, भरणं मध्यम आणि वाचणं सर्वांत जास्त. तुमचे तास याच प्रमाणात विभागा. मी निम्मे तास वाचनाला देते. राहिलेल्यातले बरेचसे बोलण्याला, उरलेले भरण्या-लिहिण्याला.

एक तास कसा जातो त्याचा नमुना. फळ्यावर किंवा मोबाइलवर शॉपमधल्याच मोटरच्या नेमप्लेटचा फोटो: ३.७ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, १४४० आरपीएम, आयपी ५५. पहिली दहा मिनिटं मुलं मराठीत सांगतात यातलं काय माहीत आहे. इलेक्ट्रिशियनच्या मुलांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि ते त्यांना त्या दहा मिनिटांत जाणवू द्या. पुढची वीस मिनिटं प्रत्येक आकड्याचं एक पूर्ण इंग्रजी वाक्य: "इट इज अ ३.७ किलोवॉट मोटर," "इट रन्स ॲट १४४० आरपीएम." इथे "ॲट" हा तुमचा मुद्दा. "रन्स ऑन ४१५ व्होल्ट" पण "ॲट १४४० आरपीएम" हे जोड्या-जोड्यांनी तोंडी घोटून घ्या. मग पंधरा मिनिटं जोडीत: एकजण पाठमोरा बसून विचारतो, दुसरा नेमप्लेट बघून सांगतो, पहिला लिहून घेतो. फोनवर सुटा भाग मागवताना नेमकं हेच करावं लागतं. शेवटच्या दहा मिनिटांत लिहिलेले आकडे मूळ फोटोशी ताडून बघायचे. "थर्टीन" आणि "थर्टी" यांतली चूक इथे दर वेळी सापडते. म्हणून आकडा सांगताना सुटे अंक सांगायची सवय लावा: "वन-थ्री", "थ्री-झीरो".

लिहिण्यासाठी बिघाडाची चार ओळींची नोंद पुरते: काय दिसलं, केव्हा, काय तपासलं, काय केलं. "द मोटर डिड नॉट स्टार्ट ॲट १० एएम. आय चेक्ड द फ्यूज. इट वॉज ब्लोन. आय रिप्लेस्ड इट." दहा गुण असे देते: घटनांचा क्रम ४, आकडे आणि एकक ३, भूतकाळ २, स्पेलिंग १. स्पेलिंगला एकच गुण म्हटल्यावर इंग्रजीचे शिक्षक अस्वस्थ होतात, हे मला माहीत आहे. पण सुपरवायझरला "मोटर"चं स्पेलिंग चुकलेलं चालतं. "१० ॲम्पिअर" ऐवजी नुसतं "१०" लिहिलेलं चालत नाही. कामाच्या जागी जे महाग पडतं तिथे गुण असावेत. अपवाद अर्थ बदलणाऱ्या स्पेलिंगचा: "लूज" आणि "लॉस" यांच्या घोळाला मी पूर्ण ओळीचे गुण कापते.

शब्दांसाठी तीन रकान्यांची वही: शॉपमध्ये म्हणतात, पुस्तकात लिहितात, माझं वाक्य. "पाना – स्पॅनर", "कानस – फाइल", "पकड – प्लायर्स", "आटे – थ्रेड". आठवड्याला पाचच शब्द. जास्त दिले की वही उतरवून काढली जाते. शॉपमधला शब्द पहिल्या रकान्यात ठेवायचा, कारण मुलाचं ज्ञान त्या शब्दाला बांधलेलं असतं. निमीची (आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या सरकारी संस्थेची) ट्रेड थिअरीची पुस्तकं मराठीतही मिळतात. तोच धडा इंग्रजीतून आणि मराठीतून शेजारी ठेवला की आयतं द्विभाषिक साहित्य तयार होतं.

यातूनच मराठीचा प्रश्न येतो. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की आपण कमअस्सल शिक्षक, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना मनातून वाटतं. आयटीआयच्या वर्गात ही लाज सोडून द्या. काही ट्रेडना आठवीच्या पात्रतेवर प्रवेश मिळतो आणि दहावी झालेल्यांतही इंग्रजीने दुखावलेली मुलं बरीच असतात. माझा नियम साधा आहे: समजावणं मराठीत, करणं इंग्रजीत. "अनलेस"चा अर्थ मराठीत सांगा. "अनलेस"ची तीस वाक्यं इंग्रजीतच वाचून घ्या. उलटं झालं, म्हणजे समजावणं इंग्रजीत आणि उत्तरं मराठीत, तर मुलाच्या पदरात काही पडत नाही.

आता निदेशकांशी नातं. "पोरं सोडा" हे वाक्य अपमान म्हणून घेऊ नका. त्यांच्यावर २५० गुणांच्या प्रॅक्टिकलचा ताण असतो आणि तुमच्या तासात काय होतं ते त्यांना दिसत नाही. वादाऐवजी अदलाबदल करा: "आज घ्या, पण गुरुवारचा अर्धा तास मी शॉपमध्ये येऊन त्याच जॉबच्या शीटवर घेतो." तास तुमच्या खात्यात राहतो आणि काम त्यांच्यासमोर होतं. दोन-तीनदा असं झालं की मागणी आपोआप कमी होते, कारण जॉब शीट वाचता येणारा मुलगा त्यांना कमी वेळा हाक मारतो. तरीही सरसकट प्रत्येक आठवड्याला तास जात असेल तर तोंडी तक्रार नको. तारीख आणि तास लिहिलेली नोंद ठेवा आणि ती गटनिदेशकांना दाखवा.

निदेशकाचं इंग्रजी मुलांसमोर कधीही दुरुस्त करू नका. एकदाही नाही. ते "मायक्रोमीटर"चा उच्चार कसाही करोत. त्याऐवजी महिन्यातून एक कागद दोघांनी मिळून तपासा: तांत्रिक चूक त्यांनी लाल पेनाने, भाषेची तुम्ही हिरव्याने. एकाच कागदावर दोघांच्या सह्या दिसल्या की मुलाच्या डोक्यात तुमचा विषय आपोआप ट्रेडच्या शेजारी जाऊन बसतो. ओळख पटवण्याचा याहून सरळ मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

कार्यालयीन पत्रांबद्दल: साफ नकार देऊ नका आणि सगळं अंगावरही घेऊ नका. प्राचार्यांना सांगा की नेहमी लागणाऱ्या आठ-दहा पत्रांचे नमुने मी एकदा तयार करून देतो: कंपनीला भेटीची परवानगी, ॲप्रेंटिसशिपसाठी विनंती, दुरुस्तीची तक्रार, आभार. पुढे लिपिक नावं-तारखा बदलून वापरतील. त्यातली कंपनीशी होणाऱ्या पत्रव्यवहाराची पत्रं मात्र स्वतःकडे ठेवा. कंपनी नव्या मुलाकडून काय वाचून-लिहून मागते ते त्यातूनच कळतं, आणि तुमच्या पाठाला त्याहून चांगला कच्चा माल नाही.

सॉफ्ट स्किल्सचं काय? ते शिकवावंच लागतं, अभ्यासक्रमात आहे. पण "मायसेल्फ अमुक, आय ॲम हार्डवर्किंग" हे पाठांतर थांबवा. ट्रेडच्या मुलाखतीत हटकून येणारा प्रश्न म्हणजे "काय काय जॉब केलेत?" त्याचं साठ सेकंदांचं उत्तर बसवा: जॉबचं नाव, मटेरिअल, वापरलेली तीन हत्यारं किंवा मशीन, राखलेलं माप, आलेली एक अडचण. मुलगा स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूबद्दल बोलतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. आत्मविश्वासावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. जॉब हातात देऊन बोलायला लावा, हे विसरू नका. रिकाम्या हाताने तोच मुलगा अडखळतो.

"पेपरला काय उपयोग" या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. बहुपर्यायी पेपरला यातलं बरंच थेट उपयोगाचं नाही. शेवटचे तीन आठवडे भारत स्किल्स या सरकारी संकेतस्थळावरच्या प्रश्नपेढ्यांना द्या, तसं वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाका आणि ते पाळा. पेपरची सोय झालेली आहे हे कळलं की बाकीचं वर्ष मुलं मोकळेपणाने देतात.

इतकं सगळं कुठे जमेल, ते परिस्थितीवर आहे. खाजगी आयटीआयमध्ये चार युनिट (तुकड्या) एकत्र बसवून शंभर मुलांचा तास देत असतील तर जोडीतलं काम अर्धवटच होईल. तिथे नोंदवही आणि नेमप्लेट एवढंच धरा. प्राचार्य शॉपमध्ये जाऊ देत नसतील तर मुलांकडूनच फोटो मागवा. आणि तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, म्हणजे शॉपमध्ये बसलेल्या तासाचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत. ही गोष्ट लहान नाही. निष्ठेच्या नावाखाली आठवड्याला पाच-सहा फुकट तास देऊ नका. एक तास, तोही सहा आठवडे. नंतर फक्त नवी जॉब शीट आली तर. याहून जास्त द्यायला लागलात की वर्षाअखेर या कामाचाच राग येईल.

राहिला वरिष्ठ महाविद्यालयाचा प्रश्न. तिथेही तासिका तत्त्व आहेच, त्यामुळे केवळ स्थैर्यासाठी जात असाल तर आधी जागा कोणत्या प्रकारची आहे ते बघा. साहित्य शिकवण्याची ओढ खरीच असेल तर जरूर जा, त्यात कसलीही हार नाही. सेटच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही, म्हणून हा निर्णय याच वर्षी घ्यायला हवा असंही नाही. तंत्रनिकेतन हा मधला पर्याय आहे. जिथे जाल तिथे या तीन वर्षांचा पुरावा बरोबर न्या: गोळा केलेल्या कागदांची यादी, त्यांवरून केलेले दहा-बारा पाठ, दोन सह्यांचे तपासलेले कागद (मुलांची नावं झाकून), आणि एकाच मुलाच्या ऑगस्टमधल्या आणि मार्चमधल्या बिघाड-नोंदी शेजारी-शेजारी. अनुभवाच्या दाखल्यावर "एम्प्लॉयबिलिटी स्किल्स" एवढंच लिहून देतील; शिकवलेले इंग्रजीचे तास वेगळे नमूद करून द्या, असा लेखी अर्ज दाखला मागतानाच जोडा. नंतर बदलून मिळत नाही.

या आठवड्यात एवढंच करा: एका निदेशकाकडे जाऊन पुढच्या जॉबचं शीट मागा, त्यातलं पोरं हमखास चुकतात ते वाक्य कोणतं ते विचारा, आणि सोमवारचा तास त्या एका वाक्यावर घ्या.